हलवू नये

रुग्णालयाच्या खिडकीतल्या माणसाने नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी पुढे सरकवली आणि इथे सही करा म्हणाला, तेव्हा भिंगबाईने सवयीने पिशवी आधी उजेडाकडे धरली. कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. औषधाच्या बाटल्या आणि प्रयोगशाळेतल्या नळ्या बनवणाऱ्या त्या काचकारखान्यात बावीस वर्षं ती दिव्यासमोर बसून एकेक काच बोटांत फिरवत आली होती, आणि बुडबुडा, चीर, रेघ, खडा यांतलं काही तिच्या नजरेतून सुटलंय असं कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. पिशवीत पँट होती, पट्टा होता, पुढून कात्रीने उभा कापलेला सदरा होता आणि सदऱ्याच्या खिशात काहीतरी कडक होतं. ते तिने बाहेर काढलं. बोटाएवढी काचेची नळी, तिच्याभोवती लाल कागदाची गुंडाळी, वर रबरबँड. कागद सोडवला तर तळाशी पाणी, पाण्याला अडवून बसलेला कापसाचा बोळा, तोंडाशी आणखी एक बोळा, आणि दोन बोळ्यांच्या मधल्या कोरड्या जागेत एक मुंगी. साधी नव्हे, चांगली नखाएवढी लांब, काळपट, पोटाने जड. मिशा हलवत होती. भिंगबाई म्हणाली, हे आमचं नाही. खिडकीतल्या माणसाने यादीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: पँट एक, पट्टा एक, सदरा एक, नळी एक. तुमच्याच माणसाच्या खिशातली आहे, म्हणाला, नको असेल तर तसं लिहून द्या. नवऱ्याच्या खिशातली मुंगी नको, असं कोणत्या शब्दांत लिहून द्यायचं ते तिला सुचेना. तिने सही केली.

बाहेरच्या बाकावर बसून तिने लाल कागद पुन्हा गुंडाळायला घेतला तर त्याच्या आतून एक चिठ्ठी निघाली. अक्षर त्याचंच. जमीनमोजणीच्या कचेरीत तीस वर्षं नकाशे काढून त्याचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. दूधवाल्याला निरोप लिहायचा तरी नदीचं नाव लिहावं तसा लिहायचा. चिठ्ठीवर तो कोसळला त्याच्या पाच दिवस आधीची तारीख होती आणि खाली चार ओळी: एकटी आहे. पंख तिनेच उतरवले. खायला देऊ नये, अंधारात ठेवावी. हलवू नये. भिंगबाईने त्या ओळी तीनदा वाचल्या. हलवू नये असं लिहिणारा माणूस ती नळी खिशात घालून फिरत का होता? कचेरीच्या जिन्यावर कोसळला तेव्हा ती घरी आणत होता, की घरून कुठे नेत होता? पाच दिवस म्हणजे पाच सकाळी तिने त्याच्या हातात डबा दिला होता, म्हणजे पाच वेळा तिचा हात या मुंगीपासून वीतभर अंतरावर होता. आणि तो काही बोलला नव्हता. तसा तो कधीच काही बोलत नसे, त्यामुळे याचं नवल वाटून घ्यावं की नाही हेही तिला ठरवता येईना. डोक्याची रक्तवाहिनी बंद पडलेला नवरा वर तिसऱ्या मजल्यावर पडला आहे आणि आपण खाली एका मुंगीचा विचार करतो आहोत, याची तिला लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही.

वर त्याचा उजवा हात परक्याचा असल्यासारखा चादरीवर पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत; काही परत येतील, काही येणार नाहीत, कोणते ते सांगता येत नाही. भिंगबाईला हे ऐकल्यापासून भीती वाटत होती, आणि ती नुसती आजाराची नव्हती. या माणसाच्या आत एक गोष्ट होती जी तिला एकोणीस वर्षं हवी होती. आज विचारू, उद्या विचारू करता करता एकोणीस वर्षं गेली, आणि आता त्याचे शब्दच एकेक करून निघून चालले होते. त्यांत नेमके ते शब्द असले तर? तीन दिवस तो काहीच बोलला नव्हता. काय करावं ते न कळून तिने पिशवीतून नळी काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर काहीतरी उजळलं. ओठ बराच वेळ चाचपडत राहिले, मग तो म्हणाला, "जिवंत." तिने म्हटलं, हो, आहे. त्याने डोळे मिटले आणि गालावरून पाणी ओघळलं. भिंगबाईने ते पुसलं. आपल्याला तिथे बघून त्याला इतकं झालं होतं का, असा एक हलका काटा तिला टोचला. मुंगीवर कुणी जळतं का, म्हणून तिने स्वतःलाच झापलं.

कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एकाने त्याची वही आणून दिली. तिच्यात रस्त्यांची मापं नव्हती, मुंग्या होत्या. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याउभ्या तिने ती वाचली. राणी मुंगी आयुष्यात एकदाच उडते, त्याने लिहिलं होतं, मग खाली उतरून स्वतःचे पंख स्वतः मोडते, एका बंद जागेत शिरून आतून दार लावून घेते आणि कित्येक आठवडे काही खात नाही. उडायला लागणारे स्नायू आता नको असतात. ते तिच्या अंगात विरघळतात आणि त्यावर ती स्वतः जगते आणि पहिली मुलं वाढवते. पहिली पोरं बारकी निघतात, पण ती निघाली की वारूळ झालंच म्हणायचं. मग कोपऱ्यात एक वाक्य, खाली रेघ ओढलेलं: या दिवसांत तिला कुणी धक्का लावला तर ती अंडी टाकून जात नाही, खाते. भिंगबाईने वही मिटली. भाजी करपायला आली होती. त्या संध्याकाळी तिला काही केल्या आठवेना की हा माणूस घरात कधी मुंग्यांकडे बघत बसायचा. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की तीच डबा उन्हात ठेवायची. तो पेपर वाचत असायचा. की पेपरच्या आडून बघत असायचा? चोवीस वर्षांच्या संसारात ज्याच्या ताटात काय वाढायचं ते डोळे मिटून सांगता आलं असतं, त्याच्या डोक्यात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

बोलायला शिकवायला जी बाई येई तिने सांगितलं की यांना ज्याची ओढ आहे त्याबद्दल रोज बोलत जा. तेव्हा कारखान्याची पाळी संपवून पाच वाजता भिंगबाई पलंगापाशी बसे आणि घरी कपाटात ठेवलेल्या मुंगीची खबर देई. आज कापसाला चिकटून बसली होती. आज मिशा पुसत होती. तो ऐके, मधेच एखादा शब्द धडपडत बाहेर येई, कधी भलताच. चमच्याला तो दोन दिवस किल्ली म्हणत होता. लग्नानंतर इतकं बोलणं त्यांच्यात झालं नव्हतं. नवव्या दिवशी नळीत अंडी दिसली, खसखशीच्या दाण्यांएवढी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. भिंगाने तिने ती मोजली, अकरा होती. तिने सांगितलं तेव्हा तो अर्ध्या तोंडाने हसला आणि डाव्या हाताने तिच्या हातावर अकरा वेळा बोट टेकवलं. नर्स म्हणाली, आज आजोबा खुशीत दिसतात. आजोबा हा शब्द ऐकून दोघंही एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागली.

एकोणीस वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात त्यांची मुलगी पोटातच गेली होती. कारण सापडलं नाही. भिंगबाईला त्या दिवसांतलं फार थोडं आठवतं: एका पाटीवर लिहिलेलं शांतता राखा, दुधाने ओला झालेला पोलक्याचा पुढचा भाग, आणि नवव्या दिवशी ती कामावर गेली ते. कुणी जा म्हणालं नव्हतं. सकाळी उठली, डबा भरला आणि गेली. दिव्यासमोर बसली आणि त्या दिवशी तिला प्रत्येक काचेत काहीतरी दिसत होतं. एकतीस बाटल्या तिने बाजूला काढल्या, आणि साहेबाने पुन्हा तपासल्या तर एकतीसच्या एकतीस खरोखर सदोष निघाल्या. तिथूनच भिंगबाई हे नाव पडलं. संध्याकाळी घरी आली, चहा टाकला, प्यायली, भूक लागली म्हणून जेवलीही. नणंद राहायला आली होती. ती ओट्यापाशी कुणाला तरी हलक्या आवाजात म्हणाली की हिचं काळीज कशाचं आहे कोण जाणे, नऊ दिवसांत सगळं गिळून बसली. भिंगबाई दारात होती, तिने ऐकलं. बाहेरच्या खोलीत तो पेन्सिलींना टोक करत होता; त्यानेही ऐकलं, कारण हातातलं पातं थांबलं. एवढंच. थोड्या वेळाने पात्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्या थांबलेल्या पात्याचा अर्थ तिला आजवर लागला नव्हता. बहिणीचं बोलणं त्याला लागलं होतं, की पटलं होतं? पुढे कधी तो तिच्यावर चिडला नाही, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि भिंगबाईला तर तेव्हाच नाही, आताही ठाऊक नव्हतं की आपण त्या दिवशी जेवलो ते कसे. भूक लागली होती, हे खरं होतं. ते खरं असावं का, हे तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तिला नळीवर रेघ दिसली. अंडी मोजताना लाल कागद थोडा जास्त सरकला आणि पाण्याच्या पातळीपाशी, काचेत, केसाएवढी तिरकी रेघ चमकली.  अशा रेघा तिने हजारोंनी पाहिल्या होत्या; कारखान्यात अशी नळी हातात आली असती तर दुसऱ्यांदा न बघता बाजूला गेली असती. ही कधीतरी दुभंगणार, पाणी सुटणार, राणी आणि अकरा अंडी बुडणार. हलवू नये असं लिहिणाऱ्याला काच थोडीच कळत होती? त्याला कागद कळत होता. दिवसभर ती चिठ्ठी आणि ती रेघ तिच्या डोक्यात भांडत राहिली. त्याला विचारावं तर विचारायचं कसं; चमच्याला किल्ली म्हणणाऱ्या माणसाला चीर आणि ओरखडा यांतला फरक समजावून सांगायचा, आणि वर त्याच्या जिवाला घोर लावायचा? दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कामगारांना सदोष माल घरी न्यायची मुभा होती, चांगल्याला हात लावायची नव्हती. तिच्या हातात एक नळी आली, इतकी स्वच्छ की दिव्यासमोर धरल्यावर नुसता दिवाच दिसावा. तिने ती फिरवली, पुन्हा फिरवली आणि सदोष मालाच्या खोक्यात टाकली. शेजारची चिमणी, जी दिवसभर बडबड करी म्हणून चिमणी, तिने उचलून बघितली आणि म्हणाली, हिला काय झालंय ताई, काहीच तर दिसत नाही. भिंगबाई म्हणाली, तुला नाही दिसायचं. चिमणीने विश्वास ठेवला.

रविवारी सकाळी खिडकीपाशी तिने घरी आणलेल्या नव्या नळीच्या तळाशी पाणी आणि कापूस भरला, दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांना चिकटपट्टीने जोडली, जुन्या नळीवरचा कागद काढला, नवी काळ्या कापडात गुंडाळली. उजेड नको म्हणून राणी आपणहून अंधारात जाईल, असं वहीत एका पानावर होतं. राणी गेली नाही. अंड्यांवर उभी राहून थरथरत होती. भिंगबाईने अर्धा तास वाट पाहिली, मग बोटाने काचेवर अगदी हलकी टिचकी मारली, मग जराशी जोरात. राणीने अंड्यांचा गोळा तोंडात धरला, दोनदा पुढे गेली, दोनदा मागे आली, आणि शेवटी एकदाची नव्या नळीत शिरली. भिंगबाईला घाम फुटला होता, पण काम नीट झालं होतं. तिने बोळा बसवला, कागद गुंडाळला आणि निर्दोष नळी कपाटात ठेवली. सोमवारी अंडी सात होती. नीट दिसत नसतील, असं तिने स्वतःला सांगितलं. मंगळवारी सकाळी तिने भिंग लावलं तर राणी एक अंडं पुढच्या पायांत धरून, घाई न करता, खात होती. खाऊन झाल्यावर तिने मिशा पुसल्या. भिंगबाईने भिंग खाली ठेवलं. पहिल्यांदा तिला राग आला, असा की नळी भिंतीवर फेकावी. मग राग कुणाचा ते कळेनासं झालं. ते मिशा पुसणं ती ओळखत होती. चहाचा कप खाली ठेवून आपण त्या दिवशी पदराने तोंड पुसलं होतं, तसंच ते होतं.

जुनी नळी तिने पाण्याने भरून ओट्यावर उभी केली होती. दिवस जात राहिले आणि तिच्यातून पाण्याचा एक थेंब गळला नाही. मग एकदा तिने रेघेवरून नख फिरवलं. रेघ बाहेरून होती. खिशातल्या किल्ल्यांनी पडलेला वरवरचा ओरखडा. शिकाऊ पोरीलाही कळावं असं ते. मग आपल्याला आत चीर का दिसली? बावीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, आणि त्या एकतीस बाटल्या खरंच सदोष होत्या की साहेबाने तिची दया येऊन तसं म्हटलं होतं? ती आता कारखान्यात एकेक बाटली तीनतीनदा फिरवू लागली आणि तरी खात्री होईना. चिमणीने विचारलं, ताई, बरं नाही का. बरं होतं. काहीच झालं नव्हतं. नुसतं डोळ्यांवर भरवसा ठेवावा की नाही एवढंच कळत नव्हतं.

आणि रोज पाच वाजता तो विचारी, "अंडी?" मंगळवारी ती म्हणाली, आहेत. बुधवारीही म्हणाली. मग नुसतं आहेत म्हणून भागेना, कारण वहीतले दिवस त्याच्या डोक्यात पक्के होते. तेव्हा पुढच्या आठवड्यात तिला अळ्या झाल्याचं सांगावं लागलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात कोष. वही वाचून वाचून ती खोटं इतकं बरोबर बोलायला लागली की एकदोनदा तिलाच ते खरं वाटलं. त्याचे शब्द परत येत होते. चमचा चमचा झाला, बहिणीचं नाव आलं, कचेरीचा रस्ता आला. जो शब्द येई तो तो तिला दाखवी, आणि तिला वाटे की मी यातल्या एकेका शब्दाला एकेक खोटी अळी देते आहे. कपाट उघडायचं तिने बंद केलं होतं. राणी जगली की मेली हेही तिला माहीत नव्हतं. नणंद भेटायला आली तेव्हा भावाचं बोलणं ऐकून म्हणाली, वहिनी, तुझ्यामुळे झालं हे सगळं. भिंगबाईला ते चपराक बसल्यासारखं लागलं आणि नणंदेला कौतुक केल्यावर ही अशी का बघते ते कळेना.

सहाव्या आठवड्यात त्याला घरी आणलं. आदल्या दिवशी तिने कपाटातून नळी काढली, राणी होती. पोट आटून गेलं होतं, अंडं एकही नव्हतं, पण मिशा हलत होत्या. दुपारी त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, पायावर पांघरूण घातलं. पोचवायला आलेली नणंद स्वयंपाकघरात चहा टाकत होती. त्याने डावा हात पुढे केला. भिंगबाईने नळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि तो कागद सोडवू लागला; एका हाताने त्याला ते जमेना आणि ती मदत करेना. कागद निघाला. त्याने नळी उजेडाकडे धरली.

"मी हलवलं हिला," ती म्हणाली. "मला वाटलं नळी फुटेल. फुटणार नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून तिने अंडी खाल्ली, सगळी. अळ्या-बिळ्या काही नव्हतं, मी खोटं सांगत होते तुम्हाला."

तो नळीकडेच बघत होता. ओठ हलत होते, पण कुठलाच शब्द येत नव्हता. तो रागावेल, रडेल, तोंड फिरवेल, काय करेल याचा तिला अंदाज येईना. हा चेहरा चोवीस वर्षं समोर होता आणि आता त्याचा अर्धा भाग हलतही नव्हता.

"खाल्ली," तो शेवटी म्हणाला. मग थांबून, "म्हणून… जगली."

"हो," ती म्हणाली, आणि ते मुंगीविषयीच आहे असं धरून पुढे काहीतरी सांगायला गेली, नवी नळी, पाणी, अंधार. त्याने मान हलवली. नळी पांघरुणावर ठेवली आणि तिचं मनगट धरलं. स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज होत होता. त्याने त्या दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तेव्हा," तो म्हणाला. एवढ्या एका शब्दाने त्याला दम लागला. "तिला… बोलायला हवं होतं. मी."

भिंगबाईला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं शब्द इकडचे तिकडे झाले असतील, त्याला दुसरंच काही म्हणायचं असेल, त्याला सगळे शब्द सापडतात कुठे. कोणाला, ती म्हणाली, काय बोलायला हवं होतं? पण हे विचारतानाच तिचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. एकोणीस वर्षांत अशी रडली नव्हती. त्याला पुढचं सापडत नव्हतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, कपाळावर शीर फुगली होती, आणि मनगट त्याने इतकं घट्ट धरलं होतं की तिला दुखत होतं. नणंद चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. त्याने बहिणीकडे मान वळवली आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "तिला… भूक… लागली होती."

नणंदेला काही कळलं नाही. तिने ट्रे खाली ठेवला आणि जेवण वाढू का म्हणाली.